बत्तीस बोरबद्दल तिघांचं मत

१

मार्तंडराव लघाट्यांच्या फडताळातलं पिस्तूल गेलं आणि त्याच्या जागी तिळगुळाची वडी आली. नेलेल्या वस्तूच्या बदल्यात काहीतरी ठेवून जाण्याइतकी सभ्यता झाशीच्या चोरांत अजून शिल्लक आहे, हे ऐकून दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. मार्तंडरावांना वाटलं नाही. वडी तळहातावर ठेवून ते जिना चढून वर आले आणि भाडेकरणीच्या दारात उभे राहिले.

“बकुळ, हे बघ काय झालं.”

बकुळनं वडी उचलली आणि तोंडात टाकली.

“अगं! पुरावा होता तो!”

“तुमचीच आहे,” बकुळ चावत म्हणाली. “वेलदोडा जास्त, पाक कडक. संक्रांतीची. काय झालं?”

मार्तंडरावांनी सांगितलं. बोलताना त्यांची मूठ पिस्तूल धरल्यासारखी वळत होती आणि आत काही नाही म्हणून उघडत होती.

बकुळ एका खरेदीच्या वेबसाइटसाठी घरी बसून काम करी. लोकांनी वस्तूंबद्दल लिहिलेले अभिप्राय वाचायचे आणि खोटे असतील ते काढून टाकायचे. दिवसभर शेकडो माणसं तिच्याशी मिक्सर, चपला आणि उशांबद्दल मनमोकळं बोलत. तिला मात्र कुणी काही विचारत नसे. वडील रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आईवडील भुसावळला गेले. तिचं काम कुठूनही होण्यासारखं होतं, आणि झाशी हेही एक ‘कुठूनही’च होतं, म्हणून ती सिविल लाइन्समधल्या या खोलीत राहिली.

मार्तंडराव खाली एकटे. जिल्हा न्यायालयात बाबू होते. पत्नी अनुसूयाकाकू गेल्यावर त्यांच्यापाशी दोन गोष्टी उरल्या: पेन्शन आणि बत्तीस बोरचं छोटं, लायसेन्सचं पिस्तूल. रोज संध्याकाळी ते त्याबद्दल बोलत आणि बकुळ ऐके. पकड कशी, वजन किती, खिशात कसं बसतं. सबंध दिवसात त्या दोघांचं मिळून एवढंच मराठी होई.

“निवडणूक लागलीय,” मार्तंडराव म्हणाले. “उद्या दुपारपर्यंत सगळी हत्यारं ठाण्यात जमा करायची आहेत. म्हणून आज फडताळ उघडलं, संक्रांतीनंतर पहिल्यांदाच. नाही केलं तर लायसेन्स जाईल आणि वर केस. चोरीची तक्रार दिली तरच वाचतो. तक्रारीत विचारतात, शक कोणावर आहे.”

“मग?”

“लिहून ठेवलंय मी.” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “मंदारचं नाव.”

२

मंदार त्यांचा पुतण्या. रेल्वेत सहायक लोको पायलट. या शहरात मार्तंडरावांच्या रक्ताचं माणूस तेवढं एकच, आणि तेही बहुतेक वेळा बीना किंवा ग्वाल्हेरच्या वाटेवर असे. चोरीच्या तक्रारीत नाव गेलं की चौकशी होईपर्यंत रेल्वे त्याला इंजिनावर चढू देणार नव्हती. आणि चौकशी झाल्यावर तो काकांच्या पायऱ्या चढणार नव्हता. म्हणजे उद्या दुपारी एक तर पिस्तूल ठाण्यात जाणार होतं, नाही तर पुतण्या.

“मंदारच का?”

“तोच म्हणत असतो, काका, विकून टाका ते.”

“मीपण म्हणते.”

मार्तंडरावांनी तिच्याकडे नव्या नजरेनं पाहिलं. बकुळनं विषय बदलला.

“हे बघा. वडी तुमच्या हातची. तुम्ही ती डब्यातून देत नाही, ज्याच्या-त्याच्या हातावर ठेवता. म्हणजे चोराला ती तुम्हीच दिली. फडताळ उघडलं, पिस्तूल घ्यायला हात मोकळा हवा, म्हणून वडी खाली ठेवली आणि विसरला. संक्रांतीलाच गेलं पिस्तूल. त्या दिवशी कोण आलं होतं?”

“मंदार. वसुंधरा. बुधौलियाजी. आणि तू.”

“किल्ली?”

“देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे. सगळ्यांना माहीत आहे. देवामागे ठेवलेलं कोण उचलेल?”

बकुळनं संशयितांची मनातल्या मनात उजळणी केली. चौघं होते. स्वतःवर तिचा फारसा संशय नव्हता, म्हणून तिनं स्वतःला सोडून दिलं.

“उद्या अकरापर्यंत थांबा, काका. ठाण्यात जाऊ नका. मी तिघांना भेटते.”

“काय विचारणार? चोरी केलीत का?”

“नाही. पिस्तुलाबद्दल मत विचारणार.”

मार्तंडरावांना हे अजिबात कळलं नाही. पण पिस्तुलाबद्दल कुणी कुणाला मत विचारणार आहे, एवढ्यानंच त्यांना जरा धीर आला.

बकुळचा हिशेब सरळ होता. खोटा अभिप्राय कौतुकानं तुडुंब भरलेला असतो. खरा माणूस वस्तू आवडली तरी तिची चहाडी करतो. मिक्सर छान आहे, पण त्याच्या आवाजानं शेजारचं बाळ उठतं, असं लिहिणाऱ्यानं मिक्सर नक्की चालवलेला असतो. ज्यानं मार्तंडरावांचं पिस्तूल हातात धरलं, त्याच्या तोंडून त्याची एखादी चहाडी निघाल्याशिवाय राहणार नव्हती.

पहिल्या माणसानं तर चहाड्यांची माळच लावली.

३

रामसनेही बुधौलिया मूळचे मऊरानीपूरचे, गल्ल्याचे, म्हणजे धान्याचे, व्यापारी. सिपरी बाजारात खाली पेढी आणि वर घर. मुलगे नोएडाला, सुना त्यांच्याबरोबर, आणि बुधौलियाजी आठ खोल्यांत आळीपाळीनं बसत. मोबाईलवर ‘बत्तीस बोर परिवार’ नावाचा एक ग्रुप होता. झाशी-ललितपूरकडचे छोट्या पिस्तुलाचे मालक त्यात आपापले अनुभव लिहीत. बुधौलियाजी त्याचे ॲडमिन. मार्तंडराव त्यांचे मेसेज बकुळला मोठ्यानं वाचून दाखवत. बकुळला ते सगळे एकाच मेसेजसारखे वाटत: संतुलित वजन, सुरक्षित पकड, हर मौसम में भरोसेमंद.

“आओ बिटिया, आओ! कितने दिन बाद कोई ऊपर तक आया है,” बुधौलियाजी म्हणाले. तिच्यासाठी चहा आला, त्यांच्यासाठी बिनसाखरेचा. “हमें तो डॉक्टर ने चीनी का मुँह देखना मना कर रखा है.” उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात त्यांनी पट्टी चिकटवलेली होती.

“हाथ को क्या हुआ, अंकलजी?”

“सरौता लग गया. सुपारी काट रहे थे.”

बकुळनं सांगितलं की एका लेखासाठी ती या पिस्तुलाबद्दल मालकांची मतं गोळा करतेय. बुधौलियाजी ताठ बसले.

“संतुलित वजन,” ते म्हणाले. “सुरक्षित पकड.”

“और?”

“हर मौसम में भरोसेमंद.” ते थांबले. दाराकडे पाहिलं, जसं पिस्तूलच तिथं उभं राहून ऐकतंय. मग खुर्ची पुढे ओढून घेतली. “सच कहें? छोटी उँगली के लिए जगह ही नहीं है. पकड़ो तो नीचे लटकती रहती है, जैसे बारात में रूठा हुआ फूफा.”

“अच्छा?”

“और आवाज़! शाम तक कान में सीटी. और दो चलीं कि तीसरी अटक जाती है. और पॉलिश इतनी कच्ची कि हाथ पर पीला रंग छूट जाए. साबुन से धोओ तो लाल! लोहा है कि मेहँदी?”

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. बकुळलाही बरं वाटलं. दिवसभर खोटं वाचणाऱ्याला खरं ऐकायला मिळालं की उन्हातून आल्यावर माठातलं पाणी मिळाल्यासारखं होतं.

“अभी है आपके पास? देख सकती हूँ?”

“अरे, वो तो दशहरे से कानपुर में है. मरम्मत को.” आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर धुकं होतं, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं.

बकुळ खाली उतरली. हा माणूस खरा मालक. ज्याच्यापाशी स्वतःचं आहे तो दुसऱ्याचं कशाला चोरेल? तिनं बुधौलियाजींचं नाव संशयितांतून काढून टाकलं आणि त्याच क्षणी तिचा तपास चुकला.

४

मंदार स्टेशनवर भेटला. फलाटाच्या टोकाला, जिथं प्रवासी येत नाहीत आणि चहावाला येतो, तिथं तो ड्यूटीची पेटी पायाशी ठेवून उभा होता. धुक्यामुळे गाडी लेट होती. गाडी चालवणाराच गाडीची वाट बघतोय हे दृश्य बकुळला मजेशीर वाटलं. त्याला वाटत नसावं.

“पिस्तूल? मला काय विचारतेस, बकुळताई,” मंदार म्हणाला. “ते गोळ्यांचं चक्कर फिरतं ना, तसलं आहे ना ते?”

“नाही. चक्र नाही त्याला. गोळ्या मुठीतून भरतात.”

“असं? मग पिक्चरमध्ये वेगळं असतं.” त्यानं चहाचा घोट घेतला. “काकांनी कधी हात नाही लावू दिला. खंडेनवमीला सगळे फूल वाहतात, तर मला म्हणतात, तू लांबूनच टाक. जसं काय मी इंजिन नाही, सायकल चालवतो.”

“विकायला कशाला सांगतोस मग?”

“तर काय करू? जेव्हा जातो तेव्हा त्याचीच बात. काका, तब्येत? तर पिस्तूल. काका, जेवलात? तर पिस्तूल. माझं लग्न मोडलं मागच्या साली, माहीत आहे तुला? त्यांना अजून नाही माहीत. सांगायला गेलो होतो. दोन तास पकड आणि वजन ऐकून आलो.”

 बकुळलाही ते माहीत नव्हतं.

“संक्रांतीची वडी कुठाय तुझी?”

“पोटात. दोन खाल्ल्या. का?” मग त्याचा हात थांबला. “पिस्तूल गायब आहे काय?”

बकुळनं नजर चहावाल्याकडे वळवली.

“आणि काकांना माझ्यावर शक आहे.” हे त्यानं विचारलं नाही, वाचून दाखवल्यासारखं म्हटलं. लांबून इंजिनाचा भोंगा आला. त्यानं पेटी उचलली, दोन पावलं गेला आणि वळला. “वसुंधरामावशीला विचार. संक्रांतीला मी पाणी प्यायला आत गेलो, तर ती फडताळ उघडून उभी होती.”

५

वसुंधराबाई म्हणजे अनुसूयाकाकूंची धाकटी बहीण. निवृत्त शिक्षिका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर उन्हाची वाट बघत बसल्या होत्या. ऊन आलं नव्हतं, पण उशिरा येणाऱ्यांना त्या आयुष्यभर अशाच बसून धाक दाखवत आल्या होत्या.

“हो, उघडलं होतं फडताळ,” त्या म्हणाल्या. “ताईचा चांदीचा करंडा तिथं असतो. संक्रांतीला मी त्यातलं कुंकू लावते. चोरी आहे का ही?”

“पिस्तूल होतं तेव्हा, मावशी?”

“होतं की. गणपतीसारखं बसलं होतं.”

“त्याच्याबद्दल तुमचं मत काय?”

वसुंधराबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता आणि त्या कित्येक वर्षं उत्तर तयार ठेवून होत्या.

“चावतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“चावतं मेलं.” त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात एक जुना, पांढुरका वण होता. “वरचा भाग मागं ओढला तर सटकन पुढं आला आणि इथली कातडी धरली. भावजींना सांगितलं नाही. म्हणाले असते, हात कशाला लावलास.”

“कशाला लावलात?”

“पूजा कोण करणार? ताई गेल्यापासून खंडेनवमीला मीच करते. भावजी डोळे मिटून मंत्र म्हणतात. वरवर बोट टेकवून पूजा होते का? वस्तू आतून-बाहेरून पुजायची असते. आमच्याकडे तलवारीच्या म्यानातसुद्धा हळद घालत. तेलात चांगली हळद कालवते आणि सगळ्या फटींतून बोट फिरवते. बाहेरचं ते पुसून टाकतात दुसऱ्या दिवशी. आतलं राहतं. देवाचं राहू द्यावं.”

बकुळ उठून उभी राहिली.

“दरवर्षी?”

“न चुकता. मधल्या दाबायच्या खटक्यालासुद्धा. का गं? काय झालं? अगं चहा तरी…”

बकुळ जिन्यावर होती. गेल्या संध्याकाळपासून ती ज्या माणसाचं बोलणं सर्वांत खरं मानून बसली होती, ते खरंच होतं. घोटाळा तिथंच होता.

६

“अंकलजी, पीला रंग पॉलिश का नहीं था,” बकुळ बुधौलियाजींना म्हणाली. खाली पेढीवर हमाल पोती उतरवत होते. वर पुन्हा ते दोघंच. “हल्दी थी.”

बुधौलियाजींनी हात पाठीमागे घेतला.

“लोहे का ज़ंग साबुन से रंग नहीं बदलता. हल्दी बदलती है. जिसने एक बार भी घर के कपड़े धोए हों, उसे मालूम रहता है.”

बुधौलियाजींनी आयुष्यात कपडे धुतले नव्हते. आधी आईनं, मग बायकोनं, आता मशीननं. तेवढ्याच एका गोष्टीनं त्यांना पकडून दिलं होतं.

बकुळनं बाकीचंही सांगितलं. पिस्तुलाच्या पोटात तेलात कालवलेली हळद भरलेली, म्हणून तिसरी गोळी अडकली. अंगठ्याच्या बेचक्यात अडकित्ता लागत नाही, कापतो तो बोट. तिथं हे पिस्तूल चावतं आणि तसाच वण तिनं आज सकाळी एका बाईंच्या हातावर पाहिला होता. बुधौलियाजींचं स्वतःचं पिस्तूल दसऱ्यापासून कानपूरला, आणि पट्टी मात्र ताजी. वडी फडताळातच राहिली, कारण साखर वर्ज्य असलेला माणूस ती हातात घेऊन हिंडतो, खात नाही. काल ती एकच गोष्ट न तपासता धरून चालली होती: की ज्यानं वापरलं तोच मालक.

“आपका वाला कानपुर में नहीं है,” ती म्हणाली. “है ही नहीं. है ना?”

बुधौलियाजी उठले. मग आतल्या खोलीत गेले आणि बासमतीच्या पिशवीत गुंडाळलेलं पिस्तूल घेऊन आले. ते त्यांनी टेबलावर ठेवलं नाही, मांडीवर घेऊन बसले.

“अर्ज़ी तीन दफे नामंज़ूर हुई,” ते म्हणाले. “तब तक ग्रुप में आ चुके थे. कंपनी की किताब से देखकर दो बातें लिख दीं. लोगों ने कहा, वाह. पत्नी के जाने के बाद किसी ने वाह कहा था, बिटिया. फिर लिखते गए. फिर ॲडमिन बना दिया. अब किससे कहें कि हमने तो छुआ तक नहीं?”

“और संक्रांत को?”

“लघाटेजी चाय बनाने गए. अलमारी का किवाड़ खुला था. सोचा, एक बार हाथ में लेकर देखें. फिर सोचा, एक बार चलाकर देखें. एरच के आगे बेतवा के किनारे गए, जहाँ कोई नहीं रहता. पहली चली तो बगुले उड़ गए और हम बैठ गए. वहीं, बालू पर.” त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. “दूसरी आँख मींचकर. तीसरी फँस गई. पेंचकस से निकाली. लौटाने दो बार गए. एक बार लघाटेजी सो रहे थे, एक बार वो पूछने लगे कि बुधौलियाजी, आपके हिसाब से तेल कौन-सा अच्छा है. हमसे रखा नहीं गया.”

“मुझे क्यों बताया सब?”

“पहली बार कुछ सच्चा था बताने को.”

बकुळनं फोन काढून मार्तंडरावांना लावला. अजून अकरा व्हायचे होते.

“काका, मिळालं! मंदार नाही. मंदारनं काही केलं नाही. घरीच थांबा.”

पलीकडे टाइपरायटरची खडखड आणि कुणाचा तरी खोकला ऐकू आला.

“मी ठाण्यात आहे गं,” मार्तंडराव म्हणाले. न्यायालयात जन्म गेलेला माणूस. मुदतीच्या आधी हजर राहायची त्यांची सवय सुटली नव्हती. “तक्रार दिली. त्यांनी मंदारला बोलावणं पाठवलंय. हा बघ, आलाच तो.”

७

आचारसंहितेच्या दिवसांत जागोजागी नाकी होती. बुधौलियाजींच्या स्कूटरवर मागे बकुळ, आणि दोघांच्या मध्ये तांदळाच्या पिशवीत दुसऱ्याच्या परवान्याचं हत्यार. नाक्यावरच्या शिपायानं हात केला, पिशवीकडे बघून विचारलं, “क्या है?” बुधौलियाजी म्हणाले, “बासमती.” त्यांच्या दाढीतून एवढा घाम ओघळत होता की शिपायाला त्यांची दया आली. “ताऊ, तबीयत ठीक नहीं है तो घर जाओ,” तो म्हणाला आणि रस्ता दिला.

ठाण्यात जिकडे तिकडे बंदुका होत्या. भिंतीला टेकलेल्या, बाकाखाली, पोत्यांत, चिठ्ठ्या बांधलेल्या. सगळ्या जिल्ह्याचा रुबाब येऊन पडला होता आणि मुख्य हवालदार, ज्यांना इथं दीवानजी म्हणतात, त्यातून वाट काढत वैतागले होते. त्यांच्यासमोर मंदार उभा होता. रात्रभर इंजिनावर होता, डोळे लाल. शेजारी मार्तंडराव.

“पिस्तौल तुमने ली?” दीवानजी विचारत होते.

“काका कह रहे हैं ना?” मंदार म्हणाला. “तो मैंने ही ली होगी.”

“होगी माने क्या? ली कि नहीं ली?”

“जो लिखा है वही मान लीजिए. मेरी कौन सुनता है.”

दीवानजींचं पेन कागदावर टेकलं होतं. बकुळ दोन पोती ओलांडून पुढं झाली. तिच्यामागून बुधौलियाजी आले आणि त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. आतून पिस्तूल बाहेर आलं, त्याबरोबर तांदळाचे चार दाणे.

“ये…” बुधौलियाजी म्हणाले. “ये हमने…”

मार्तंडरावांनी पिस्तुलाकडे पाहिलं, बुधौलियाजींच्या पट्टीकडे पाहिलं, मग त्यांच्या घामानं भिजलेल्या दाढीकडे. जन्मभर आरोपींच्या रांगा पाहिलेल्या माणसाला जास्त वेळ लागला नाही.

“मैंने ही इनको सँभालने दी थी,” मार्तंडराव मोठ्यानं म्हणाले. “संक्रांत को. याद नहीं रहा.”

दीवानजींनी पेन खाली ठेवलं.

“याद नहीं रहा?” दीवानजी म्हणाले. “लाइसेंसी हथियार किसी को थमा दिया और याद नहीं रहा? और भतीजे को चोर लिखा दिया?”

“उम्र हो गई है.”

मार्तंडराव हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते. ते म्हणताना त्यांना किती लागलं हे बकुळला दिसलं. कोपऱ्यातला एक शिपाई हसला. बुधौलियाजींनी तोंड उघडलं, तर मार्तंडरावांनी त्यांचं मनगट दाबलं आणि हळूच म्हणाले, “ॲडमिन अंदर गया तो ग्रुप कौन चलाएगा?”

दीवानजींपुढे अजून पन्नास माणसं उभी होती आणि त्यांना जेवायला जायचं होतं. त्यांनी पिस्तूल उचललं, उलटंसुलटं केलं.

“चलती है?”

मार्तंडरावांनी तोंड उघडलं. बकुळला वाटलं, आता पकड येणार, वजन येणार.

“पता नहीं,” ते म्हणाले. “कभी चलाई नहीं.”

दीवानजींनी चिठ्ठी बांधून पिस्तूल पोत्यात टाकलं. “जमा हो गई. पर ये शिकायत चढ़ चुकी है. वापस लेनी हो तो अपने हाथ से लिखकर दीजिए.” त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला.

मार्तंडराव बाकावर बसले. त्याच बाकावर मंदार बसला, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. बुधौलियाजी दाराशी जाऊन उभे राहिले. आत यावं की जावं हे त्यांना कुणी सांगत नव्हतं.

‘महोदय, सविनय निवेदन है कि’ इथवर मार्तंडरावांनी झरझर लिहिलं. असे हजारो अर्ज त्यांच्या हाताखालून गेले होते. मग पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. दीवानजींनी घड्याळ बघितलं.

“लिहा ना,” मंदार म्हणाला. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. “मेरे भतीजे मंदार पर…”

मार्तंडरावांनी लिहिलं.

“मुझे कभी कोई शक नहीं था.”

“होता रे,” मार्तंडराव खाली मान घालून म्हणाले. “होता.”

“मालूम आहे, काका.” मंदारचा आवाज चढला नाही. “पण लिहा. गाडी आहे माझी.”

मार्तंडरावांनी लिहिलं. न्यायालयातलं वळण होतं, अक्षर सुरेख आलं.

“शेवटी सही.”

त्यांनी सही केली. खाली तारीख घातली. शाई वाळावी म्हणून फुंकर मारली, दुसऱ्यांदा मारली, कारण मान वर केल्यावर काय म्हणायचं हे अजून ठरत नव्हतं. “मंदार,” ते कागदाकडे बघतच म्हणाले, “जेवून जा. आणि तुझं कसं काय चाललंय, ते…”

बकुळनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मंदार कधीच उठून गेला होता. पेटी घेऊन, बंदुकांमधून वाट काढत, बुधौलियाजींना वळसा घालून तो धुक्यात उतरला होता आणि बाकावरच्या त्या मधल्या जागेत पेनाचं टोपण तेवढं पडलं होतं.